जुन्या मॅकला पायस्कझी: प्रेसमधल्या वापरानंतर

तुमच्याकडे नव्वदच्या दशकातला मॅकिंटॉश आहे, त्याची हार्ड डिस्क आज उठेल-उद्या नाही अशा अवस्थेत आहे, आणि आतलं काम आजच्या कॉम्प्युटरवर आणायचं आहे? मग पायस्कझी जरूर घ्या. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला जोडायचा हा बोर्ड, जुन्या मॅकच्या हार्ड डिस्कची जागा घेतो. नुसती डिस्क बदलून मॅक चालता ठेवायचा असेल तर मात्र घेऊ नका. त्यासाठी याहून सोपी वस्तू मिळते, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. मी हे गेल्या पावसाळ्यापासून आमच्या छापखान्यात वापरतोय. कौतुक आहे आणि तक्रारीही आहेत.

आमचा प्रेस नाशकात रविवार कारंजाच्या बाजूला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, देवस्थानांच्या पुस्तिका ही कामं. कंपोझिंगचा जुना मॅक म्हणजे एलसी थ्री: 1993 चं मॉडेल, 25 मेगाहर्ट्झचा 68030 प्रोसेसर, सिस्टिम 7.1 आणि पानं जुळवायचं सॉफ्टवेअर पेजमेकर 5. रोजची कामं केव्हाच नव्या मशिनांवर गेली, पण 2003 च्या सिंहस्थाला छापलेल्या पुस्तिका याच मॅकवर जुळवलेल्या होत्या. स्तोत्रं, आरत्या, गोदाकाठच्या पूजाविधींची छोटी पुस्तकं. आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय आणि जुनी गिऱ्हाइकं येऊन सांगतात, ‘तीच पुस्तिका काढा, एक अक्षर बदलू नका.’ पुन्हा टाइप करायला आठवडा लागेल, ते एक वेळ परवडतं. पण त्या संस्कृत मजकुराचं प्रूफ आमच्या अण्णांनी एका शास्त्रीबुवांसोबत बसून ओळ न् ओळ तपासलं होतं. ती मेहनत त्या फाइलींत आहे, आणि शास्त्रीबुवा आता नाहीत.

मग फाइली कॉपी करून घेतल्या की झालं, असं वाटेल. तिथेच खरी गोम आहे. जुन्या मॅकच्या फाइलीला दोन भाग असतात, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. त्या काळच्या पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठी पानाचं वर्णन करणारी भाषा) फॉन्टचा सगळा जीव रिसोर्स फोर्कमध्ये. अशी फाइल विंडोजमधून पेन ड्राइव्हवर टाकली की तो भाग गळतो आणि हातात शून्य बाइटची फाइल येते, नाव शाबूत, आत काही नाही. शहरातल्या कितीतरी छापखान्यांत असे ‘बॅकअप’ कपाटात पडून असतील. शिवाय आमचा मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीचा. तो फॉन्ट सोबत नसेल तर अख्खं स्तोत्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतं. म्हणजे फाइली, फॉन्ट आणि पेजमेकर, तिन्ही एकत्र आणि जसंच्या तसं टिकायला हवं होतं.

आणि डिस्क तर हट्टाला पेटलेली. त्या वेळच्या काही डिस्कमध्ये हेडची दांडी जिथे टेकते तिथे रबराचा छोटा तुकडा असतो. वर्षानुवर्षांनी तो चिकट होतो आणि दांडी तिथेच धरून ठेवतो. डिस्क फिरण्याचा आवाज येतो, पण हेड जागचं हलत नाही. निफाडचा पारा उतरला अशी बातमी आली की आमची डिस्क सकाळी हमखास रुसायची.

पायस्कझीचं मूळ नाव रास्कझी. जपानमधल्या एका हौशी प्रोग्रॅमरने ते शार्पच्या एक्स68000 या कॉम्प्युटरसाठी बनवलं. पुढे इतरांनी त्याला मॅक आणि बाकी मशिनांसाठी वाढवलं आणि नाव बदललं. हार्डवेअरचे नकाशे आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुले आहेत. तत्त्व सोपं आहे. स्कझी म्हणजे मॅक आणि डिस्क एकमेकांशी बोलतात ती तारांची वाट. तिच्यावर मॅक डिस्कला विचारतो, ‘अमुक क्रमांकाचा ब्लॉक दे.’ समोर फिरणारी तबकडी आहे की आणखी काही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. रास्पबेरी पाय तो ब्लॉक एका फाइलीतून काढून देतो, आणि मॅकने काही लिहिलं की त्याच फाइलीत लिहितो. मधल्या बोर्डाचं काम विजेचं आहे. रास्पबेरीच्या पिना 3.3 व्होल्टच्या, स्कझी 5 व्होल्टची. आठ डेटाच्या, एक पॅरिटीची आणि नऊ नियंत्रणाच्या तारा या बोर्डावरच्या चिपांमधून जातात. रास्पबेरी थेट जोडायचा विचारही करू नका.

बोर्ड परदेशातून मागवला. टपालखर्च आणि कस्टम धरून अपेक्षेपेक्षा महाग पडला, हे आधीच सांगतो. सोल्डरिंगचा हात चांगला असेल तर नुसता पीसीबी बनवून घेऊन स्वतः जोडता येतो, पण चिपा पृष्ठभागावर बसणाऱ्या, बारीक पायांच्या आहेत. मी तयार घेतला. रास्पबेरी पाय 3 घरातच होता. नवा 5 घेऊन ठेवला असेल तर थांबा. त्यात पिना आरपी1 नावाच्या वेगळ्या चिपमार्फत चालतात आणि मी घेतलं तेव्हा पायस्कझी त्यावर चालत नव्हतं.

बसवणं फार अवघड नाही. एसडी कार्डावर रास्पबेरीची सिस्टिम टाकायची, मग एक स्क्रिप्ट चालवायची. ती विचारत विचारत सगळं करते. पुढचं काम ब्राउझरमधून: नवी डिस्क इमेज (अख्खी डिस्क सामावणारी एक फाइल) बनवा, कोणत्या क्रमांकावर जोडायची ते सांगा, सीडीची इमेज घाला, काढा. हे पान सुरुवातीला पासवर्ड मागत नाही. प्रेसच्या वायफायवर दहा जण असतात तेव्हा तो आधी लावून घ्या.

मॅकवाल्यांसाठी एक उपयोगी गोष्ट. अॅपलचा जुना डिस्क फॉरमॅट करणारा प्रोग्रॅम अॅपलचा शिक्का असलेल्या डिस्कशिवाय दुसरी ओळखत नाही. इमेजच्या फाइलीला एचडीए हे एक्स्टेन्शन दिलं की पायस्कझी मॅकला अॅपलची डिस्क असल्यासारखी ओळख सांगतं आणि तो मुकाट्याने फॉरमॅट करतो. इमेज किती मोठी ठेवायची यावर मी थोडा विचार केला. सिस्टिम 7.1 ला 2 जीबीपर्यंत चालतं, पण जुन्या एचएफएसमध्ये (मॅकची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) डिस्कचे जास्तीत जास्त साधारण 65 हजार तुकडे पडतात. 2 जीबीला एकेक तुकडा 32 केबीचा होतो, आणि दोन केबीची फॉन्टची फाइलसुद्धा तेवढी जागा अडवते. आमच्याकडे असल्या बारक्या फाइली ढिगाने. म्हणून 500 एमबीची इमेज केली. मूळ डिस्क 80 एमबीची होती, तेव्हा हीसुद्धा चैनच.

स्कझीचे दोन नियम मात्र पाठ पाहिजेत. प्रत्येक उपकरणाचा क्रमांक वेगळा, शून्य ते सात. सात मॅकचा स्वतःचा, शून्य बहुतेक वेळा आतल्या डिस्कचा. आणि टर्मिनेशन (सिग्नल परत उलटू नये म्हणून लावायचे रेझिस्टर) फक्त साखळीच्या दोन्ही टोकांना, मध्ये कुठेही नाही. बोर्डावर त्यासाठी छोटे स्विच आहेत. मी आतली डिस्क तशीच ठेवून पायस्कझी मागच्या 25 पिनांच्या पोर्टला लावलं आणि वेगळा क्रमांक दिला. डिस्क उठली त्या दिवशी फाइंडरमध्ये दोन्ही आयकॉन शेजारी दिसले. जुन्यातलं सगळं ओढून नव्यात टाकलं, सिस्टिम फोल्डरसकट. फॉन्टचे रिसोर्स फोर्क जागच्या जागी, फाइलींचे आयकॉनसुद्धा तसेच. आमचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते मागे उभे होते. म्हणाले, ‘अहो, हे तर मी होतो तेव्हासारखंच आहे.’ खरंय, कारण मॅकच्या दृष्टीने काही बदललंच नाही.

नंतर आतली डिस्क काढून ठेवली आणि इमेज शून्य क्रमांकावर आणली. याचं कारण मदरबोर्डवरची 3.6 व्होल्टची लिथियम बॅटरी. ती गेली की मॅक कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते विसरतो आणि शून्यकडे आधी बघतो. ती बॅटरी काढलेलीच बरी. जुनी होऊन फुटली तर बोर्ड खाते. तसेच बोर्डावरचे गळके कपॅसिटर. एम.जी. रोडच्या बाजूला दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या पोराकडून ते बदलून घेतले. डिस्कचा प्रश्न सुटला म्हणून मॅक बरा झाला असं समजू नका.

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मॅकचीच स्कझीची वाट अरुंद आहे, रास्पबेरी कितीही पळाला तरी पुढे मॅकच आडवा येतो. मूळ डिस्कपेक्षा हळू वाटलं नाही, एवढं पुरे.

खरी तक्रार सुरू होण्याच्या वेळेबद्दल. आत पूर्ण लिनक्स असल्याने रास्पबेरी उठायला अर्धा-पाऊण मिनिट घेतो. तोपर्यंत मॅक चालू केला तर तो फ्लॉपीवर प्रश्नचिन्ह दाखवत बसतो. म्हणून आधी रास्पबेरी, मग मॅक. बंद करताना उलट, आणि रास्पबेरी ब्राउझरमधून नीट शटडाउन करायचा. रात्री प्रेस बंद करणारा माणूस मेन स्विच खाली ओढतो, त्याला हे सांगून भागत नाही. आणि पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. लिहीत असताना वीज गेली तर दोन गोष्टी धोक्यात येतात, मॅकची इमेज आणि रास्पबेरीची स्वतःची सिस्टिम. मी दोघांना एकाच यूपीएसवर टाकलं, आणि रास्पबेरीला त्याचा स्वतःचा 5 व्होल्टचा अॅडॉप्टर दिला. स्कझीच्या तारेतून वीज घेण्याच्या फंदात पडलो नाही, एलसी थ्रीचा पॉवर सप्लाय आधीच बेताचा.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू म्हणजे बॅकअप. अख्खी डिस्क ही एक फाइल आहे. मॅक बंद असताना तिची प्रत काढली, तारीख घातली, एक पेन ड्राइव्हवर, एक क्लाउडवर. इथे रिसोर्स फोर्क गळण्याची भीती नाही, कारण सगळं इमेजच्या पोटात आहे. तीच फाइल लॅपटॉपवर बॅसिलिस्क टू या, जुन्या मॅकची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्येही उघडते. उद्या एलसी थ्री कायमचा बसला तरी काम अडणार नाही. अण्णांना हे पटायला वेळ लागला. ‘डिस्क मोबाइलमध्ये पाठवता येते?’ असं दोनदा विचारून घेतलं.

मला पैसे वसूल झाले असं वाटलं ते मात्र नेटवर्कमुळे. पायस्कझी हार्ड डिस्कसोबत डेनापोर्ट नावाच्या जुन्या स्कझी नेटवर्क अडॅप्टरचंही सोंग घेतं. मॅकवर त्याचा ड्रायव्हर टाकला, रास्पबेरीला राउटरची लॅन वायर लावली. वायफायवरून ब्रिज करणं कटकटीचं आहे, वायरच बरी. त्याच रास्पबेरीवर नेटाटॉक हा जुन्या मॅकना फाइली देणारा प्रोग्रॅम टाकला की मॅकच्या चूझरमध्ये (सर्व्हर, प्रिंटर निवडायची खिडकी) एक सर्व्हर दिसतो. आता काम असं चालतं: पेजमेकरमध्ये जुनी पुस्तिका उघडायची, प्रिंट करताना फॉन्टसकट पोस्टस्क्रिप्ट फाइल लिहायला सांगायची, ती सर्व्हरवर टाकायची आणि नव्या मशिनवर घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ करायची. प्लेटसाठी लागते ती पीडीएफ तयार. जोडाक्षरं, रफार, स्वरचिन्हं सगळं 2003 ला होतं तसं. मजकूर युनिकोडमध्ये येत नाही, हे खरं. शोधता येत नाही, बदलता येत नाही. पण गिऱ्हाईक म्हणतंय एक अक्षर बदलू नका, तेव्हा हेच हवं.

आता ती सोपी वस्तू. नुसती डिस्क हवी असेल तर ब्लूस्कझी बघा. त्यात पूर्ण कॉम्प्युटर नाही, दुसऱ्या आवृत्तीत रास्पबेरीचाच पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर आहे. उठायला वेळ नाही, शटडाउनची भानगड नाही, मॅक बंद केल्यावर रात्री मेन स्विच ओढला तरी खुशाल. जुन्या डिस्कची थेट इमेज काढायची सोयही त्यात आहे. मला सर्व्हरही त्याच डब्यात हवा होता म्हणून मी पायस्कझीवर थांबलो. अंबडला मित्राचं वर्कशॉप आहे, त्याने हे पाहून आपल्या जुन्या सीएनसीसाठी विचारलं. त्याचं मशिन 1.44 च्या फ्लॉपीवर चालतं, स्कझीचा संबंध नाही. त्याला फ्लॉपी ड्राइव्हची जागा घेणारा गोटेक बसवून दिला, आत फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर, आणि तो आता पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम चढवतो. आणखी जुन्या, एमएफएम या स्कझीआधीच्या पद्धतीच्या डिस्कच्या मशिनांसाठी बीगलबोन ब्लॅक या बोर्डावर चालणारा एम्युलेटर आहे. तिथे 5 मेगाबिटच्या वेगाने येणारे बिट वेळेवर पकडावे लागतात, आणि बीगलबोनच्या चिपमध्ये त्यासाठीच उपयोगी पडणारे दोन छोटे स्वतंत्र प्रोसेसर आहेत. ते मी वापरलेलं नाही.

एक गैरसमज मात्र घेण्याआधी काढून टाका. पायस्कझी जुनी माध्यमं वाचत नाही, ते त्यांच्या जागी उभं राहतं एवढंच. आमच्या कपाटात सायक्वेस्टची 44 एमबीची काडतुसं (ड्राइव्हमधून काढता येणाऱ्या डिस्क) आहेत. छपाईच्या फिल्मचे पॉझिटिव्ह काढायला बाहेर पाठवायचो तेव्हाची. त्यांत बाकीच्या पुस्तिका असणार. पायस्कझी सायक्वेस्टसारखी काढता-घालता येणारी डिस्क होऊ शकतं, पण काडतुसातलं वाचायला चालू ड्राइव्हच लागतो, आणि आमचा फिरतो पण वाचत नाही. नाशिक-पुण्याकडे कोणाकडे चालू सायक्वेस्ट 44 असेल तर एका दिवसासाठी भाड्याने हवा आहे. स्कझीची केबल आणि टर्मिनेटर माझ्याकडे आहेत.