चोपड्यातल्या ठिबकच्या दुकानात हिशेबाचं ॲप: एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंत

गेल्या वर्षी, ३० एप्रिल २०२५ ला, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी, आम्ही दुकानात बिलाचं आणि हिशेबाचं मोबाइल ॲप सुरू केलं. आता पुढची आखाजी तीन-चार दिवसांवर आली आहे. वर्षभर रोज वापरून जे लक्षात आलं ते लिहिते. ॲपचं नाव देत नाही. बाजारात अशी बरीच आहेत, आणि जे सांगायचं आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडेल.

दुकान जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात, ठिबक, पाइप, फिटिंग आणि मोटारपंपाचं. मिस्टर शेतावर जाऊन जोडणी करतात, गल्ला आणि हिशेब माझ्याकडे. माझ्याआधी तो सासऱ्यांकडे, म्हणजे आबांकडे होता. आबांची लाल चोपडी इतकी नेटकी, की कोणत्या गावचा कोण किती देणं लागतो हे ते पान न उलटता सांगायचे. अडचण उधारीची नव्हती. खरेदीची बिलं पिशवीत पडायची, पिशवी तीन महिन्यांनी कर सल्लागारांच्या ऑफिसात जायची, आणि त्यात काय होतं नि काय नव्हतं हे आम्हालाच ठाऊक नसायचं. आदल्या वर्षी दोनदा ३बी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, उशिरा गेलं. दिवसाला ५० रुपये दंड आणि राहिलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. रक्कम फार नव्हती, पण चुकीपायी पैसा गेल्याचं मनाला लागतं.

पहिली गोष्ट केली ती ॲपच्याही आधीची. दुकानातला क्यूआर मिस्टरांच्या बचत खात्याला जोडलेला होता. त्याच खात्यात नणंदेने पाठवलेले पैसे, त्याच खात्यातून किराणा, त्याच खात्यातून शाळेची फी. आम्ही दुकानाचं चालू खातं वेगळं काढलं आणि क्यूआर बदलला. हे न करता कुणी ॲप घेणार असेल तर थांबा, आधी खातं वेगळं करा. एरवी ॲपमध्ये नुसता गोंधळ भरला जातो.

आता पैशांचं. सगळ्यात मोठा फायदा मला जुलैत कळला.

आमचं जीएसटी तिमाहीचं आहे. पहिल्या दोन महिन्यांच्या कराचं चलन पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत, आणि तिमाही संपल्यावर रिटर्न. पुरवठादारांनी आपापली बिलं भरली की १४ तारखेला आपली २बी, म्हणजे त्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होते आणि आपलं ३बी २२ तारखेपर्यंत जातं. मधले आठ दिवस फार मोलाचे असतात. आम्ही विकत घेतलेल्या मालावर भरलेला कर आम्हाला वजा मिळतो, पण ते बिल २बीत दिसलं तरच. बिल हातात आहे, पैसे बँकेतून दिलेत, माल गोदामात आहे, तरी २बीत नाही म्हणजे वजावट नाही.

१४ जुलैला ॲपमध्ये २बी ओढली आणि आमच्या खरेदीशी जुळवली. ४१ बिलांपैकी ४० हिरवी आणि एक लाल. मे महिन्यात एका घाऊक व्यापाऱ्याकडून पीव्हीसी पाइप घेतला होता, माल ८४,००० चा, त्यावर १८ टक्के म्हणजे १५,१२० रुपये कर. मे म्हणजे आमच्याकडे पूर्वहंगामी कापसाच्या लागवडीची धांदल, रात्री नऊपर्यंत माल उतरत असतो. ते बिल त्यांच्याकडून भरायचंच राहिलं होतं. फोन केला तर म्हणाले, "वहिनी, पोराकडून राहून गेलं असेल, पुढच्या वेळी टाकतो." पुढच्या वेळी म्हणजे तीन महिन्यांनी. तेवढे १५,१२० आम्हाला खिशातून भरावे लागले. मी तारीख लिहून ठेवली, सप्टेंबर संपताना दोनदा आठवण केली, आणि १४ ऑक्टोबरच्या २बीत ते बिल दिसलं. पैसे वजा झाले.

पिशवीच्या काळात हे बिल कधीच सापडलं नसतं. त्याआधीच्या वर्षांत अशी किती गेली असतील ते आता कळायला मार्ग नाही, कारण वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरला, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर त्या दिवशी, त्या वर्षाच्या वजावटीचा हक्क संपतो. तेव्हापासून नव्या पुरवठादाराशी मी आधीच बोलून घेते: मालाचे पैसे वेळेवर, कराची रक्कम बिल २बीत दिसल्यावर. दोघांनी ऐकलं, एकाने नाही. त्याच्याकडून माल बंद केला.

सप्टेंबरमध्ये ॲपची खरी परीक्षा झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून, घटस्थापनेच्या दिवसापासून, ठिबक आणि तुषार संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पीव्हीसी पाइप मात्र १८ वरच राहिला, मोटारपंपही. आदल्या रात्री जेवणं आटोपून मी मोबाइल घेऊन बसले. ॲपने "दर अपडेट करा" असं एक बटण दिलं होतं, पण ते दाबल्यावर १८ ची काही फिटिंगसुद्धा ५ वर गेली. मग एकेक वस्तू उघडून बघितली: १६ एमएमची लॅटरल (ठिबकची नळी), इनलाइन, ड्रीपर, व्हेंचुरी, एल्बो, टी, रबर ग्रोमेट. २३० वस्तू आणि रात्रीचे साडेबारा. पुढच्या वेळी बटण दाबायच्या आधी यादी उतरवून घेईन. असं बटण आहे म्हणून ॲप कितीही भारी वाटलं तरी दर कुठला हे शेवटी आपल्यालाच ठरवावं लागतं, कारण बिलाखाली सही आपली असते.

जुना माल १२ टक्के भरून घेतलेला होता आणि विकायचा ५ ने. घाबरायचं कारण नव्हतं. भरलेला कर आमच्या खात्यात जमा राहिला आणि नंतरच्या विक्रीवरच्या करात वापरता आला. त्रास झाला तो वेगळाच. ऑगस्टमध्ये बिल करून माल नेलेले शेतकरी दिवाळीनंतर कापूस विकून पैसे द्यायला आले आणि म्हणू लागले, "वैनी, आते तं पाच टक्का व्हयी गया ना, मंग माले बारा काबरं?" माल आणि बिल दोन्ही दर बदलायच्या आधीचे असतील तर पैसे कधीही येवोत, दर जुनाच लागतो. हे मी प्रत्येकाला बिलावरची तारीख दाखवून सांगितलं. बहुतेकांना पटलं. एका काकांना पटलं नाही, त्यांना आम्ही गाडीभाड्यात सूट दिली, पण बिल बदललं नाही.

आता आयकराचं. इथे माझं मत वर्षभरात पूर्ण बदललं.

आमची उलाढाल यंदा ५८ लाख. त्यातले ४३ लाख बँकेतून किंवा यूपीआयने, १५ लाख रोख. लहान व्यापाऱ्याला २०२५-२६ पर्यंतच्या आयकर कायद्यात कलम ४४एडी खाली अंदाजे नफा दाखवता येतो: रोख विक्रीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्यावर ६ टक्के. हिशेब केला तर २.५८ आणि १.२० मिळून ३.७८ लाख. आतापर्यंत आमचं रिटर्न असंच जायचं, किंबहुना सगळ्यालाच ८ टक्के लावून. पण हे ६ आणि ८ टक्के म्हणजे किमान. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवायचा असतो. खरा नफा किती, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

ॲपने पहिल्यांदा दाखवलेला आकडाही चुकीचा होता. मी घरखर्चाला काढलेले महिना १८,००० रुपये "खर्च" म्हणून टाकत होते. सल्लागारांनी समजावलं की ती मालकाची उचल आहे, धंद्याचा खर्च नाही. ते सुधारलं. मग ३१ मार्चला शटर ओढून आम्ही दोघांनी गोदाम मोजलं. ॲपमध्ये लॅटरलची ११ बंडलं जास्त. कारण शोधलं तर मीटरवर कापून विकलेले तुकडे आणि बदलून दिलेला माल कधी बिलात आलाच नव्हता. शिल्लक माल मोजल्याशिवाय नफ्याचा आकडा खरा नसतो. एवढं सगळं झाल्यावर जो आकडा आला तो सुमारे ७ लाख २० हजार.

मिस्टर गप्प झाले. म्हणाले, "एवढा दाखवला तर कर किती?" कर शून्य. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, म्हणजे आमचे १६,००० होतात. पण एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलत मिळून तेही माफ. आदल्या वर्षी ही मर्यादा ७ लाख होती. म्हणजे यंदा कमी नफा दाखवून आम्ही एक रुपयाही वाचवला नसता. उलट डिसेंबरमध्ये पिकअपसाठी बँकेत गेलो तेव्हा जुनी रिटर्न बघून हवं त्याच्या निम्म्याहून कमी कर्ज बसत होतं. धंदा पिकअप ओढू शकतो हे आम्हाला दिसत होतं, कागदावर ते नव्हतं. यंदाचं रिटर्न खऱ्या आकड्याने जाणार.

ज्यांची उलाढाल मोठी आहे त्यांच्यासाठी मात्र ६ आणि ८ मधला फरक मोठा आहे. समजा एखाद्या बियाण्या-खताच्या दुकानाची उलाढाल २ कोटी. सगळी रोख असेल तर ८ टक्के म्हणजे १६ लाख, आणि त्यावर सेससह कर १,२४,८०० रुपये. सगळी बँकेतून असेल तर ६ टक्के म्हणजे १२ लाख, आणि दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य. अर्थात खरा नफा तेवढाच असेल तरच. रोख ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर या कलमाची मर्यादाही २ कोटींवरून ३ कोटी होते. आपल्याकडच्या उधारीच्या व्यवहारात आणखी एक गोष्ट कामाची आहे: ३१ मार्चला येणं असलेली रक्कम रिटर्नच्या मुदतीआधी बँकेतून आली तर तिलाही ६ टक्केच धरता येतात. म्हणून आता उधारी फेडायला येणाऱ्यालाही मी क्यूआरच पुढे करते. आडत किंवा कमिशनवर धंदा असणाऱ्यांना मात्र हे कलम लागू नाही, त्यामुळे केळीच्या आणि धान्याच्या आडतदारांनी माझं बघून काही करू नये.

माझा दीर जळगावला आर्किटेक्ट आहे. त्याच्यासारख्यांना ४४एडीए, म्हणजे जमेच्या निम्मा नफा धरायचा. त्याने तेच ॲप घेऊन दोन महिन्यांत सोडलं. महिन्याला चार बिलं असतील तर वही पुरते, आणि मलाही ते पटतं.

मार्चमध्ये नेहमीप्रमाणे "कर वाचवायला पॉलिसी घ्या" म्हणून दोघे येऊन गेले. नव्या पद्धतीत ८०सी (बचत, आयुर्विमा) आणि ८०डी (आरोग्य विमा) च्या वजावटी धरत नाहीत. आरोग्य विमा आम्ही चालू ठेवला आहे, कारण तो आबांसाठी लागतो. कर वाचवायला म्हणून काही घेतलं नाही. जुन्या पद्धतीत जायचा विचार असेल तर धंदेवाल्यांनी सल्लागाराला विचारून जावं. नोकरदारासारखं दरवर्षी इकडून तिकडे करता येत नाही; एकदा नव्यात परत आलं की धंदा आहे तोवर पुन्हा जुन्यात जाता येत नाही.

ॲपच्या त्रुटी सांगते. दोन मोबाइलवर चालवतो, एक दुकानात आणि एक मिस्टरांकडे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत रेंज नसते. जूनमध्ये दोन्ही मोबाइलवर २१४ नंबरचं बिल तयार झालं. वर्षभरात एक बिल नंबर एकदाच, हा नियम आहे, आणि जीएसटीच्या पोर्टलने ते लगेच पकडलं. मदतीसाठी फोन केला तर तीन दिवस उत्तर नाही. उपाय आम्हीच काढला: दुकानाची बिलं 'दु' आणि शेतावरची 'शे' अशी वेगळी मालिका, पण पोर्टल इंग्रजी अक्षरं मागतं म्हणून ती अक्षरं इंग्रजीतली. अशा वेगळ्या मालिका चालतात, फक्त नंबर १६ अक्षरांच्या आत हवा. १ एप्रिलला नवी मालिका आपोआप सुरू होत नाही, तीही हाताने करावी लागली.

दुसरं, ॲपला महाराष्ट्राचा व्यवसाय कर माहीतच नाही. वर्षाचे २,५०० रुपये, त्याची आठवण कॅलेंडरवर लिहूनच ठेवावी लागते. तिसरं, वर्गणी थांबवली तर जुनी बिलं फक्त बघता येतील, काढता येणार नाहीत असं त्यांच्या माणसाने सांगितलं. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सगळं एक्सेलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर ठेवते. मराठी भाषांतरही सुधारायला हवं. 'नावे' आणि 'जमा' हे शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, ते सोडून भलतेच शब्द घातलेत, आणि आबा त्यातच अडले.

आबांचं सांगायचं राहिलं. त्यांनी चोपडी सोडली नाही आणि मी सोडायला सांगितलंही नाही. रोज संध्याकाळी मी ॲपमधली उधारी वाचते, ते चोपडीशी जुळवतात. ऑक्टोबरपासून आजवर चार वेळा फरक निघाला, त्यात तीन वेळा चोपडी बरोबर होती. मी घाईत एकाच नावाच्या दोन पाटलांपैकी भलत्याच्या खात्यात पैसे टाकले होते. आता प्रत्येक नावापुढे गाव लिहिते.

वर्षाची वर्गणी साडेतीन हजार. दुसऱ्या वर्षाची भरली आहे. काल जानेवारी ते मार्चची २बी बघितली, ५६ पैकी दोन बिलं लाल आहेत. एक फेब्रुवारीचं ड्रीपरचं, कर ९४० रुपये. दुसरं मार्चचं मोटारपंपाचं, कर ११,१६० रुपये. २२ तारखेला अजून वेळ आहे, उद्या दुकान उघडलं की पहिला फोन त्या मोटारवाल्यांना.