ओथब्रेकर पॅलाडिन: सांगाड्यांच्या रांगेत उभं राहून काही महिने

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळात मुडद्यांची फौज उभी करायची म्हटलं की सगळे नेक्रोमॅन्सर, म्हणजे मुडदे उठवणाऱ्या विझर्डकडे (जादूगाराकडे) बोट दाखवतात, आणि नुसत्या संख्येचा हिशेब केला तर ते बरोबरच आहे. पण मला मागे उभं राहून मंत्र टाकणारं पात्र नको होतं. अंगात चिलखत, हातात ढाल आणि दोन्ही बाजूंना स्वतः उठवलेले सांगाडे, असा योद्धा हवा होता. पाचव्या आवृत्तीत त्याच्या सगळ्यात जवळ जातो तो ओथब्रेकर, म्हणजे शपथ मोडलेला पॅलाडिन (दैवी शक्तीचा योद्धा). तो २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये खलनायकांसाठीचा पर्याय म्हणून दिलाय, त्यामुळे आधी डीएमची (डंजन मास्टरची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची) परवानगी लागते. ती मिळाली आणि लेव्हल तीनपासून आता अकरापर्यंत मी हेच पात्र खेळते आहे.

सुरुवातीला संयम लागतो. अ‍ॅनिमेट डेड हा मुडदे उठवणारा मंत्र, म्हणजे स्पेल, हाती येतो तो थेट नवव्या लेव्हलला. तोपर्यंत तुम्ही काळ्या मनाचा एक साधा पॅलाडिन असता. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल अनडेड, म्हणजे अनडेडवर (मेलेल्या पण चालत्याफिरत्या जीवांवर) ताबा मिळवण्याची शक्ती मिळते, पण समोर अनडेड असेल तरच त्याचा उपयोग. सातव्या लेव्हलला ऑरा ऑफ हेट (ऑरा म्हणजे पात्राभोवतीचं प्रभावक्षेत्र) आला की खेळाचा रंग पालटतो: तुमच्या आणि दहा फुटांच्या आतल्या प्रत्येक अनडेड व फीन्डच्या (सैतानी जीवाच्या) हातघाईच्या हत्याराच्या डॅमेजमध्ये (इजेच्या आकड्यात) तुमचा करिश्मा मॉडिफायर (करिश्मा या गुणावरून मिळणारी भर) मिळवला जातो. माझा करिश्मा १८, म्हणजे प्रत्येक फटक्याला चार जास्त. सांगाडे नसतानाही हे चार रोज कामाला येतात.

नवव्या लेव्हलपासूनचा हिशेब नीट समजून घ्या, कारण बांधणीचा जीव तिथेच आहे. तिसऱ्या पातळीचे स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या रोजच्या संधी, फक्त दोन. एका स्लॉटमध्ये एक नवा सांगाडा (किंवा झॉम्बी, म्हणजे चालतं प्रेत) उठतो, किंवा आधीच्या चारांवरचा ताबा आणखी चोवीस तास वाढतो. पहिल्या दिवशी दोन उठवा. दुसऱ्या दिवशी एका स्लॉटने त्या दोघांना धरून ठेवा, दुसऱ्याने तिसरा उठवा. तिसऱ्या दिवशी चौथा. त्यानंतर रोज एक स्लॉट चौघांच्या नावावर आणि दुसरा तुमच्यासाठी मोकळा. पाचव्याचा मोह मी धरत नाही, कारण मग दोन्ही स्लॉट ताब्यातच जातात. अकराव्या लेव्हलला तिसरा स्लॉट मिळाला तरी मी चारांवरच थांबले आहे.

हा स्पेल कधी टाकायचा, हेही महत्त्वाचं. सकाळी उठल्यावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती तासभर लांबली, तर चोवीस तास उलटतात आणि चार सशस्त्र सांगाडे तुमच्या तंबूशेजारी मोकळे होतात. मी एक स्लॉट दिवसभर राखून संध्याकाळी मुक्काम पडताच टाकते, आणि रोज थोडा आधीच. डीएमशी वेळेचा हिशेब आधीच ठरवून घेतलात तर वाद होत नाहीत.

आता जे मला मनापासून आवडलं ते. सहाव्या लेव्हलचा ऑरा ऑफ प्रोटेक्शन दहा फुटांतल्या सगळ्या मित्रांच्या सेव्हला (संकट टाळायच्या फाशाला) करिश्मा जोडतो, आणि तुमचे मुडदे मित्रांतच मोडतात. झॉम्बीचे हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजणारे गुण, शून्यावर आले की तो अनडेड फॉर्टिट्यूड या तगून राहण्याच्या शक्तीसाठी कॉन्स्टिट्यूशन सेव्ह टाकतो. डीसी (गाठायचा आकडा) असते पाच अधिक झालेलं डॅमेज. दहा डॅमेज झालं तर डीसी १५. फासा वीस बाजूंचा असतो; एकटा झॉम्बी अधिक तीनवर ४५ टक्के वेळा तगतो, माझ्या शेजारचा अधिक सातवर ६५ टक्के. रेडियंट (दैवी प्रकाशाचं) डॅमेज आणि क्रिटिकल फटका यांपुढे मात्र काही चालत नाही. दार अडवायला मी झॉम्बी ठेवते, मारामारीला सांगाडे. सांगाड्याचा फटका सरासरी साडेपाचचा, ऑरात साडेनऊचा. एसी (बचावाचा आकडा) १५ असलेल्या शत्रूला तो निम्म्या वेळा लागतो, म्हणजे चौघे मिळून फेरीला १९. पण हे सगळं हातघाईतच. ऐंशी फुटांवरून धनुष्य चालवणाऱ्या सांगाड्याला ऑराचा काडीइतका फायदा नाही. म्हणून पहिल्या फेरीला बाण आणि मग तलवारी, माझ्यापासून दोन चौकोनांच्या (दहा फुटांच्या) आत.

इतकं जवळ उभं राहिलं की फायरबॉल या आगीच्या स्पेलचं भय आलंच. त्याचं डॅमेज सरासरी २८, सेव्ह झाला तरी १४, आणि सांगाड्याचे हिट पॉइंट १३. त्यात पॅलाडिनची बरं करण्याची शक्ती ले ऑन हँड्स अनडेडवर चालत नाही, क्युअर वून्ड्स हा स्पेलही नाही. इथे इन्स्पायरिंग लीडर हे फीट (जादा कौशल्य) घ्याच. दहा मिनिटांचं भाषण करा आणि ऐकून समजू शकणाऱ्या सहा जणांना लेव्हल अधिक करिश्माइतके तात्पुरते हिट पॉइंट द्या. सांगाड्यांना जिवंतपणी येत असलेल्या भाषा कळतात. नवव्या लेव्हललाच ते १३ होतात, म्हणजे सांगाडा दुप्पट टिकाऊ. शिवाय डेक्स (चपळाईच्या) सेव्हलाही ऑराचे चार. हाडांच्या रांगेसमोर लढाईआधी बोलायला उभं राहणं हा माझ्या पात्राचा सगळ्यात खरा क्षण आहे, आणि ते भाषण मी दर वेळी टेबलावर खरोखर करते.

हुकूम द्यायला टर्नमधली (पाळीतली) एकमेव जादा कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन जाते, म्हणून तीच खाणारं पोलआर्म मास्टर हे फीट आणि दोन हत्यारांची लढाई टाळा, ढाल-तलवार उत्तम. २०१४ च्या नियमांत डिव्हाइन स्माइट (पॅलाडिनच्या फटक्यातली दैवी भर) बोनस अ‍ॅक्शन खात नाही, हे या बांधणीचं नशीब. २०२४ च्या नियमांत स्माइट हा बोनस अ‍ॅक्शनचा स्पेल झालाय, तेव्हा तिथे एका टर्नमध्ये एक तर स्माइट किंवा हुकूम. आम्ही जुन्याच नियमांवर राहिलो.

कंट्रोल अनडेड मोठ्या शिकारीसाठी राखा. तुमच्या लेव्हलपेक्षा कमी चॅलेंज रेटिंगचा (ताकदीच्या दर्जाचा) एक अनडेड विझडम सेव्ह हरला तर चोवीस तास तुमचा. वाइट हा ताकदवान अनडेड हाती लागला तर मजा आहे: त्याच्या लाइफ ड्रेनने मेलेला माणूस दुसऱ्या दिवशी झॉम्बी होऊन त्याच्या ताब्यात उठतो. शत्रूंना घाबरवणारा ड्रेडफुल अ‍ॅस्पेक्ट ठीक आहे, गर्दीत उपयोगी.

उणिवा गंभीर आहेत. ऑरा ऑफ हेट शत्रूच्या अनडेडलाही बळ देतो, त्यामुळे स्मशानातल्या लढाया उलट अवघड होतात. तुम्ही बेशुद्ध पडलात की ऑरा ऑफ प्रोटेक्शन बंद आणि नवे हुकूमही बंद. हत्यारं साधी, बिनजादूची असल्याने वरच्या लेव्हलच्या बऱ्याच राक्षसांवर सांगाड्यांचं डॅमेज निम्मं होतं. गटात क्लेरिक (धर्मगुरू) असेल तर त्याचा टर्न अनडेड, म्हणजे अनडेडना पळवून लावणारी शक्ती, तुमच्याच रांगेला लागते, आणि पाचव्या लेव्हलपासून तो चॅलेंज १/२ पर्यंतच्या अनडेडला नष्टच करतो. सांगाडा १/४ चा. आमच्या क्लेरिकशी मी अंतराचा करार केलाय: ती तीस फुटांपलीकडे असेल तरच टर्न वापरायचा.

आणि टेबलाचा वेळ. चार जास्तीचे फटके म्हणजे बाकीच्यांनी वाट बघत बसायचं. मी चार डी-ट्वेंटी (वीस बाजूंचे फासे) एकदम टाकते, डॅमेज छापील सरासरीनेच घेते आणि सगळे माझ्याच टर्नमध्ये हलवते. हे जमणार नसेल तर दोनच सांगाडे ठेवा, कारण टेबलावरच्या इतरांची संध्याकाळही तेवढीच मोलाची आहे.

पात्र घेण्याआधी डीएमला तीन गोष्टी विचारा. सांगाड्यांना ढाली देता येतील का, गावाच्या वेशीवर त्यांचं काय होणार, आणि कुणाचे मुडदे उठवलेले गटातल्या कुणालाच चालणार नाहीत. आमच्याकडे ढाली मिळाल्या, गावाबाहेरच्या खाणीत सांगाडे पहाऱ्यावर ठेवायचं ठरलं, आणि ओळखीच्या माणसाचं प्रेत उठवायचं नाही हा नियम सगळ्यांनी मिळून केला.