पेनच्या आकाराचा व्हायब्रेशन मीटर: कामाचा, पण कुठवर?

पंप, ब्लोअर, मोटर सांभाळणाऱ्या फिटरच्या खिशात हा मीटर हवाच. बेअरिंगच्या घरावर टोक टेकवलं की कंपनाचा वेग मि.मी./सेकंदात दिसतो. कंपनाच्या आयएसओ १०८१६ या जुन्या मानकाप्रमाणे (आता त्याच्या जागी आयएसओ २०८१६ आलंय) १५ ते ७५ किलोवॅटच्या मोटरला २.८ पर्यंत ठीक, ७.१ च्या वर नुकसान होण्याइतकं.

रीडिंग आडवं, उभं आणि शाफ्टच्या रेषेत असं तीनदा घ्या. जागा रंगाने खुणावून ठेवा. फॅन-कव्हरवर टोक टेकवलं तर कंपन पत्र्याचं मोजलं जातं, शाफ्टचं नाही. चुंबक जोडता येणारं मॉडेल घ्याच, कारण हाताने दाबून घेतलेला आकडा माणसागणिक बदलतो.

आडवं जास्त आणि शाफ्टच्या रेषेतलं कमी असेल तर आधी इम्पेलर (आतलं फिरतं पातं) उघडा: साचलेला थर किंवा झीज, म्हणजे अनबॅलन्स (वजन एका बाजूला जास्त). रेषेतलं रीडिंग बाकीच्यांच्या निम्म्याहून जास्त झालं की कपलिंगचं अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का) आणि शाफ्टचा वाक तपासा. उभं सगळ्यात जास्त आलं तर फाउंडेशन बोल्ट, ग्राउट (पायाखाली ओतलेलं सिमेंट) बघा. मशीन थांबवून एकेका पायाचा बोल्ट सैल करा. डायल गेजवर पाय ०.०५ मि.मी.हून जास्त उचलला तर त्याखालची शिम (पातळ पत्र्याची चकती) कमी पडतेय.

या मीटरचं खरं मोल मशीन बंद करताना कळतं. मोठा ब्लोअर थांबायला वेळ घेतो, तेवढ्यात आकड्यावर नजर ठेवा. वीज तुटताच कंपन गेलं, तर दोष विजेकडचा. वेगाबरोबर उतरत गेलं, तर यांत्रिक. मध्येच उसळी मारून उतरलं, तर त्या वेगाला रेझोनन्स आहे, म्हणजे मशीनचं स्वतःचं कंपन त्या वेगाशी जुळतंय. व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) तो वेग स्किप फ्रिक्वेन्सीत, म्हणजे टाळायच्या वेगांत, टाका. ब्लोअर तिथे रेंगाळत राहिला तर शाफ्टला तडा जाऊ शकतो.

बहुतेक पेन-मीटर १० हर्ट्‌झच्या खालचं धरत नाहीत, म्हणजे ६०० आरपीएमखालच्या शाफ्टचं मूळ कंपन निसटतं. बुश बेअरिंगच्या (शाफ्ट तेलाच्या थरावर फिरतो अशा) टर्बाइनवर तर यावर अजिबात विसंबू नका. तिथे ऑइल व्हर्लमध्ये शाफ्ट आपल्या वेगाच्या निम्म्याहून किंचित कमी वेगाने तेलातच घुमतो आणि जड केसिंग (बाहेरचं कवच) शांत राहतं. तिथे ९० अंशांत बसवलेले दोन प्रॉक्सिमिटी प्रोबच (शाफ्टला न शिवता त्याचं अंतर मोजणारे सेन्सर) लागतात.