कोव्हॅक्सिन: वीस माकडांनी दिलेली हमी आणि माझा अनुभव

कोव्हॅक्सिनच्या पहिल्या दोन मात्रा मी 2021 मध्ये घेतल्या. त्या घेण्यापूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या एनआयव्हीत, वीस माकडांवर झालेल्या प्रयोगाचा शोधनिबंध मी दोनदा वाचला होता. ओळखीतल्या बहुतेकांनी लस निवडताना शेजाऱ्याला ताप किती आला एवढेच पाहिले, आणि त्यातही वावगे काही नव्हते. मला मात्र ही वस्तू विकत घेण्याजोगी वाटली ती त्या निबंधामुळे. म्हणून ती कशी निघाली हे सांगताना त्या माकडांनी दिलेल्या हमीशीच ताळा घालून पाहणे मला रास्त वाटते.

आधी वस्तूविषयी. एक मात्रा अर्ध्या मिलिलिटरची असते. तिच्यात मारून निष्क्रिय केलेल्या संपूर्ण विषाणूचे 6 मायक्रोग्रॅम प्रतिजन, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे जेल, प्रतिकारशक्तीला डिवचणारा एक सहायक घटक आणि एक परिरक्षक असतो. विषाणूचा वाण एनआयव्हीने वेगळा केलेला, आणि लस बनवणारी कंपनी हैदराबादची भारत बायोटेक. साठवणूक 2 ते 8 अंश सेल्सिअसला होते, म्हणजे तालुक्याच्या आरोग्य केंद्रातील शीतपेटीही पुरते. काही परदेशी लशींसाठी लागणाऱ्या उणे तापमानाच्या फ्रीजरची गरज पडत नाही. खासगी रुग्णालयात जून 2021 मध्ये कर आणि सेवाशुल्क धरून कमाल किंमत 1,410 रुपये ठरली होती, म्हणजे कोव्हिशील्डच्या 780 रुपयांच्या जवळपास दुप्पट. मी ती सरकारी केंद्रावर फुकट घेतली. एका कुपीत बऱ्याच जणांच्या मात्रा असल्याने माणसे जमेपर्यंत कुपी फोडली जात नव्हती आणि आम्ही सात-आठ जण बाकावर तासभर बसून राहिलो, पण वाया घालवण्यापेक्षा ते बरे. दंड दीड दिवस दुखला. ताप आला नाही.

त्या वर्षी जूनमध्ये लशीत वासराचे रक्तद्रव असल्याची आवई उठली होती. ते द्रव पेशी वाढवण्यापुरते वापरले जाते आणि पुढे धुऊन काढले जाते. तयार लशीत ते नसते, असा खुलासा सरकारला करावा लागला. गंमत अशी की ज्या पेशींवर विषाणू वाढवला जातो त्या व्हेरो पेशी आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून 1962 मध्ये जपानमधील चिबा विद्यापीठात काढलेल्या वंशाच्या आहेत, आणि याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. कोव्हिशील्डचा वाहक विषाणूही मुळात चिंपांझीचाच. कपिकुळाशी काडीचाही संबंध नसलेली लस हवी असा आग्रह कोणी धरला असता, तर 2021 च्या भारतात त्याची पंचाईतच झाली असती.

आता त्या वीस माकडांकडे वळतो. ती रीसस जातीची, म्हणजे तांबड्या तोंडाची माकडे होती. आपल्याकडे कोकणात आणि दक्षिणेकडे दिसणारे टोपीसारख्या केसांचे माकड वेगळे. या प्रयोगासाठी रीसस निवडण्याचे कारण असे की ज्या ग्राहीला चिकटून करोनाचा विषाणू पेशीत शिरतो तो त्याच्या पेशींवर जवळपास माणसासारखाच असतो, आणि संसर्ग झाल्यावर त्याच्या फुफ्फुसांत न्यूमोनियाच्या खुणा स्पष्ट दिसतात. एके काळी पोलिओच्या लशीसाठी भारतातून ही माकडे मोठ्या संख्येने परदेशी जात. 1978 मध्ये ती निर्यात बंद झाली. इतकी माकडे बाहेर धाडलेल्या देशाला 2020 मध्ये स्वतःच्या लशीसाठी मात्र ती शोधत हिंडावे लागले. प्रयोगशाळेत वाढवलेली माकडे हाताशी नव्हती, टाळेबंदीमुळे वस्तीतले खाणे तुटल्याने माकडे रानात पांगली होती, आणि अखेर ती नागपूरच्या परिसरात सापडली, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तत्कालीन महासंचालकांनी पुढे सांगितले.

प्रयोगाची मांडणी साधी होती. पाच-पाच माकडांचे चार गट. एका गटाला नुसते औषधहीन द्रावण, उरलेल्या तिघांना लशीची तीन वेगवेगळी रूपे. दोन मात्रा, त्यांच्यामध्ये चौदा दिवस, आणि दुसऱ्या मात्रेनंतर आणखी चौदा दिवसांनी सर्वांना मुद्दाम जिवंत विषाणूचा संसर्ग. लस मिळालेल्या माकडांत तिसऱ्या आठवड्यापासून विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडे वाढत गेली. संसर्गानंतर सातव्या दिवशी त्यांच्या नाकातून, घशातून, श्वासनलिका धुऊन काढलेल्या द्रवातून आणि फुफ्फुसाच्या ऊतींतून विषाणू नाहीसा झालेला होता, आणि सूक्ष्मदर्शकाखाली न्यूमोनियाचा पुरावा आढळला नाही. लस न मिळालेल्या पाचांच्या फुफ्फुसांत तो आढळला. फुफ्फुसाची ऊती अशी तपासायची म्हणजे प्राणी जिवंत राहत नाही, हे निबंधाच्या थंड भाषेतही लपत नाही. ते वाचून मी काही वेळ पुढे गेलो नाही.

मला आवडले ते हे की हे सगळे छापले गेले. सप्टेंबर 2020 मध्ये कंपनीने निष्कर्ष जाहीर केले तेव्हाच मूळ मसुदा कोणालाही वाचायला उपलब्ध होता आणि मार्च 2021 मध्ये तो नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञान नियतकालिकात तपासणीनंतर प्रसिद्ध झाला. ज्या संस्थेने हे काम केले तिची माकडांशी ओळखही जुनी आहे. 1952 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली तेव्हा त्यामागचा विषाणू शोधून काढला. तोच आजार आज सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि बांद्याकडची माणसे माकडताप म्हणून ओळखतात. तिकडे रानात मेलेले माकड दिसले की आरोग्य खात्याला कळवण्याची रीत पडली आहे. अशा संस्थेच्या माकडांविषयीच्या निरीक्षणावर माझा इतर कोणापेक्षा जास्त विश्वास बसतो, हा पुणेकराचा पक्षपात समजला तरी चालेल.

पण हमीपत्राची बारीक अक्षरेही वाचायला हवीत. पाच माकडांच्या गटावरून शेकडेवारी काढता येत नाही. संसर्ग घडवला तो दुसऱ्या मात्रेनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, म्हणजे प्रतिपिंडे चढती असताना; सहा महिन्यांनी काय होईल याविषयी तो प्रयोग काही सांगूच शकत नव्हता. शिवाय रीसस माकडाला करोनाने मुळात सौम्य आजार होतो, त्यामुळे मृत्यू टळतो का हा प्रश्न त्याला विचारता येत नाही. आणि 2020 च्या विषाणूवर मिळालेले उत्तर डेल्टाला लागू पडेल असे कोणी लिहून दिले नव्हते. माकडाने होकार दिला म्हणजे माणसात लस चालतेच असेही नाही. एचआयव्हीच्या एका लशीने माकडांत आशा दाखवली होती, पण स्टेप नावाची तिची मानवी चाचणी सप्टेंबर 2007 मध्ये थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्यांना काहीच संरक्षण मिळत नव्हते.

ऑक्सफर्डच्या लशीची, म्हणजे आपल्याकडच्या कोव्हिशील्डची, माकडांवरील चाचणी अमेरिकेत माँटाना राज्यातील हॅमिल्टन येथे झाली होती. तिथे एका मात्रेनंतर माकडांची फुफ्फुसे वाचली, नाकातला विषाणू मात्र लस न घेतलेल्यांइतकाच राहिला. त्यावरून त्या लशीची तेव्हा बरीच टिंगल झाली. त्या तुलनेत कोव्हॅक्सिनच्या निबंधातील स्वच्छ नाके पाहून मी हुरळलो होतो, हे कबूल करतो. दोन प्रयोगांतील मात्रांची संख्या वेगळी होती आणि दिवसांचा हिशेबही वेगळा. ही तुलना करायलाच नको होती.

माणसांवरची तिसऱ्या टप्प्याची चाचणी 25,798 जणांवर झाली आणि तिचे निष्कर्ष नोव्हेंबर 2021 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. लक्षणे दिसणाऱ्या आजाराविरुद्ध परिणामकारकता 77.8 टक्के, गंभीर आजाराविरुद्ध 93.4 टक्के, लक्षणे न दिसणाऱ्या संसर्गाविरुद्ध 63.6 टक्के, आणि डेल्टाविरुद्ध 65.2 टक्के. या आकड्यांची उतरंड पाहिली की माँटानातल्या माकडांची गोष्ट पुन्हा आठवते: फुफ्फुसाच्या बाजूने भक्कम, नाकाच्या बाजूने कच्ची. दिल्लीच्या एम्समध्ये 2021 च्या एप्रिल-मेमध्ये, लाट ऐन भरात असताना, तिथल्याच कर्मचाऱ्यांत लक्षणे असलेल्या संसर्गाविरुद्धची परिणामकारकता 50 टक्के भरली. रोज रुग्णांच्या खोकल्यात वावरणाऱ्यांच्या बाबतीत तेवढे मिळाले, याला मी अपयश म्हणणार नाही, पण सातव्या दिवशी रिकाम्या झालेल्या नाकांवरून माझी जी अपेक्षा तयार झाली होती तिच्यापेक्षा ते नक्कीच कमी आहे. मला स्वतःला जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत करोना झाला. तीन दिवस घसा धरला, थोडा खोकला राहिला, ऑक्सिजन मोजणारे यंत्र 97 च्या खाली उतरले नाही. याचे श्रेय लशीचे किती आणि त्या सौम्य उपप्रकाराचे किती, हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरवणे म्हणजे पाच माकडांवरून शेकडेवारी काढण्याहून वाईट.

माझा खरा आक्षेप लशीच्या कुपीवर नाही, तिच्या बाजारात येण्याच्या वेळेवर आहे. 3 जानेवारी 2021 रोजी तिला आपत्कालीन परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचा एकही आकडा हाती नव्हता. पहिल्या दोन टप्प्यांतील सुरक्षेची आणि प्रतिपिंडांची माहिती होती, आणि होती ती माकडे व हॅमस्टर नावाचे उंदरासारखे प्राणी. परवानगीला ‘क्लिनिकल ट्रायल मोड’, म्हणजे चाचणीच्या स्वरूपातील वापर, असे नाव दिले गेले आणि सुरुवातीला लस घेणाऱ्यांकडून संमतिपत्रावर सही घेतली जात होती. माकडांवरील निष्कर्ष माणसांवरील चाचणीला हिरवा कंदील दाखवण्यासाठी असतात. त्यांच्या जोरावर लसीकरण सुरू करणे म्हणजे साखरपुड्याच्या जेवणावर लग्नाची पंगत उरकून घेण्यासारखे झाले. आकडे पुढे चांगले आले म्हणून ती घाई योग्य ठरत नाही.

परदेशी जाणाऱ्यांना याचा फटका प्रत्यक्ष बसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत कोव्हॅक्सिन 3 नोव्हेंबर 2021 रोजी आली, तोवर ही लस घेतलेल्यांना अनेक देशांत लस न घेतलेल्यांमध्ये धरले जात होते. माझ्या एका भाच्याचा इंग्लंडमधील शिक्षणासाठीचा प्रवास त्यात रखडला, आणि आजही घरात लशीचा विषय निघाला की तो माझ्याकडे पाहतो, कारण निवड माझ्या सल्ल्याने झाली होती. एप्रिल 2022 मध्ये त्याच संघटनेने उत्पादन प्रक्रियेतील त्रुटींवरून संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत होणारा पुरवठा थांबवला. लशीच्या सुरक्षिततेवर किंवा परिणामकारकतेवर तेव्हा बोट ठेवलेले नव्हते.

त्याच एप्रिलच्या 10 तारखेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना खासगी केंद्रावर तिसरी मात्रा घेण्याची मुभा मिळाली. त्याच्या आदल्या दिवशी कंपनीने मात्रेची किंमत 1,200 रुपयांवरून 225 रुपयांवर आणली. कुपी तीच, वाण तोच, वीस माकडे तीच. मी तिसरीही कोव्हॅक्सिनच घेतली, 225 रुपये आणि वर सेवाशुल्क देऊन, आणि या वेळी बाकावर माझ्याखेरीज कोणीच नव्हते.