'मराठी' निवडलं आणि चिखलाच्या सदनिकेत पोचलो

शहराच्या हवामान आराखड्यासाठी नागरिकांच्या सूचना गोळा करायचं काम एका सल्लागार कंपनीकडे होतं. तिचं ॲप वापरलं, बैठकीलाही गेलो. पाचपैकी दोन तारे, आणि त्यातला एकही ॲपला नाही.

आम्ही नवी मुंबईतल्या बेलापूरच्या दिवाळे गावातले. आई मासळी विकते, माझं नेरुळला झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. ॲप उघडलं तर पहिल्या पानावर फ्लेमिंगो. ठाणे खाडी 2022 साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेली, आता हा मान त्यांचाच. भाषा 'मराठी' केली आणि पहिलाच प्रश्न आला: 'आपल्या परिसरातील चिखलाच्या सदनिकांची स्थिती कशी आहे?'

दोनदा वाचला. मग इंग्रजी करून बघितलं, तर मडफ्लॅट. म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची जमीन, आमचं खाजण! आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "चिखलात फ्लॅट कोन घेतंय रं?" आमच्या भागातले भाव बघता घेतीलही कोणी.

पुढचा प्रश्न, कामावर कसे जाता? गाडी, बस, रेल्वे, मेट्रो, सायकल. होडी नाही. पायी तर नाहीच. 'इतर' निवडलं की सविस्तर लिहायला रकाना येतो, पण त्यात देवनागरी टाइप केलं की नुसते चौकोन. डीटीपीवाल्याच्या पोटात दुखतं हो असले चौकोन बघून.

बैठक रविवारी सकाळी अकराला. नोकरदारांना सोयीचं, पण मासळीवालीला आठवड्यात पैसा दिसतो तो याच दिवशी. आई जावेच्या हवाली पाटी करून आली. आधी जवळपास तासभर पडद्यावर इंग्रजी चाललं. 'रेझिलियन्स' हा शब्द मी अकरा वेळा मोजला, पुढे कंटाळलो. मागच्या रांगेतल्या बायका चहाची वाट बघत होत्या. चहा चांगला होता, हे नोंदवतो.

मग टेबलांवर मोठे नकाशे पसरले. पहिला तारा या नकाशांना. त्यावर सेक्टरांचे नंबर होते, आमच्या एकाही जागेचं नाव नव्हतं. पण खाडीचं वळण बघून आईनं दोन मिनिटांत बोट ठेवलं. "हितं. उघाडीचा फळका मोडलाय. उधानाला पानी आत येतं."

उघाडी म्हणजे खारजमिनीच्या बांधाला पाणी सोडायचं दार. आता शेतं गेली, तरी होल्डिंग पाँडच्या, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तळ्याच्या दाराला आई तेच म्हणते, आणि चुकीचं काहीच म्हणत नाही. शहर वसलंय भरतीच्या पाण्याच्या जवळजवळ बरोबरीला. भरती आली की दारं मिटायची, पावसाचं पाणी तळ्यात थांबायचं, ओहोटीला बाहेर पडायचं. दार मोडलं तर भरती सरळ तळ्यात शिरते, मग वरून पाऊस आला तर त्यानं जायचं कुठं? अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी कुठपर्यंत चढतं, भांगाच्या लहान भरतीला कुठं थांबतं, हे आईला तोंडपाठ आहे.

टेबलावरच्या स्वयंसेवक मुलीनं हे सगळं नीट ऐकून घेतलं. "मावशी, फळका लाकडाचा की लोखंडाचा?" असंही विचारलं. दुसरा तारा तिचा. तिला नोंद मात्र इंग्रजीतच करावी लागत होती, चाळीस अक्षरांच्या आत.

दीड महिन्यानं अहवाल आला, तोही फक्त इंग्रजीत. आईची सूचना शोधायला मला अर्धी दुपार लागली. पूर आणि पाण्याचा निचरा या प्रकरणात ती नव्हतीच. सापडली 'गृहसंकुलांची सुरक्षा' या सदरात: 'ब्रोकन गेट'. शेजारी शिफारस, सीसीटीव्ही बसवावा.

केंद्राच्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेचा मसुदा 2020 साली आला, तेव्हा तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांमध्ये द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं. इथं तर एकाच भाषेचा प्रश्न आहे. आणि भाषांतर करणारा माणूस खाडीकाठचा घ्या. यंत्राला खाजण माहीत नसणारच.

कंपनीला मेल केला. आभाराचं उत्तर आलं, इंग्रजीत. आता दुरुस्तीची सूचना नव्यानं भरली आहे. या वेळी शब्दांवर भरवसा न ठेवता ओहोटीला जाऊन मोडक्या फळक्याचा फोटो काढला, मापाला शेजारी आईला उभं केलं. ॲप म्हणतं, फोटोत व्यक्ती नको.