हामाइकाचा फुलबाजार: दिया दे मुएर्तोसची खरेदी इथेच करावी

ऑक्टोबरच्या शेवटी दिया दे मुएर्तोससाठी, म्हणजे गेलेल्या माणसांना घरी बोलावण्याच्या सणासाठी, मेक्सिको सिटीत येणारे ओळखीचे लोक मला हमखास मिरवणुकीबद्दल विचारतात. सांगाड्यांचे मोठाले पुतळे, कवटीसारखे रंगवलेले चेहरे, वाजतगाजत जाणारे गट. जरूर बघा, छान असते. पण ती मिरवणूक २०१६ पासूनची आहे. जेम्स बाँडच्या एका चित्रपटात तशी मिरवणूक दाखवली, ती जगभर गाजली आणि मग शहरानं ती खरोखरच सुरू केली. आपल्या गेलेल्या माणसांसाठी इथली घरं काय करतात हे बघायचं असेल, तर मर्कादो दे हामाइका, म्हणजे हामाइकाचा बाजार, गाठा. सणाच्या दिवसांत या शहरात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

मेट्रोच्या ४ आणि ९ क्रमांकाच्या मार्गिका जिथे मिळतात, तेच हामाइका स्टेशन. इथल्या प्रत्येक मेट्रो स्टेशनला एक चित्रखूण असते. हामाइकाची खूण आहे मक्याचं कणीस. पूर्वी शहराच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्कोच्या मळ्यांतून भाजी, मका आणि फुलांनी भरलेल्या होड्या ला विगा कालव्यानं शहरात यायच्या. कालवा बुजवून त्याचा रस्ता झाला, पण बाजार त्याच भागात राहिला. आताची इमारत १९५७ सालची. बाजार चोवीस तास, बाराही महिने उघडा असतो. बायकांनी पहाटे एकटीनं जावं का, असं मला विचारतात. बाजाराच्या आत वर्दळ असते, पण तिथवर टॅक्सीनं जावं आणि दारात उतरावं.

आता फुलांबद्दल, कारण यायचं ते त्यांच्यासाठी. झेंडू हा मूळचा मेक्सिकोचाच, इथे त्याला सेंपासुचिल म्हणतात. एरवी हामाइकात गुलाब, लिली, कार्नेशन यांचं राज्य असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र आतल्या गल्ल्याच नव्हे, बाहेरचा रस्ताही झेंडूनं भरतो. ट्रकमधून भारेच्या भारे खाली येतात. खांद्याएवढ्या उंचीच्या कापलेल्या झाडांच्या या जुड्या, मुळांकडची बाजू ओल्या कागदात गुंडाळलेली. शेजारी कोंबड्याच्या फुलाचे ढीग, गर्द जांभळट गुलाबी. हे दोन रंग एकमेकांशेजारी बघितले की गेलेल्यांसाठी घरात मांडतात त्या वेदीवर तिसरा रंग कशाला हवा, असं मला वाटतं.

झेंडू दोन प्रकारचा मिळतो आणि यातला फरक कळला पाहिजे. कुंडीतला झेंडू बुटका, गच्च, एकसारख्या गोल फुलांचा. तो बहुतांशी सोचिमिल्कोच्या रोपवाटिकांतून येतो आणि त्याचं बी बरेचदा बाहेरून आणलेलं संकरित असतं. उंच कापलेला झेंडू शेतातला, पुष्कळसा पुएब्ला राज्यातून आलेला, शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं राखलेल्या देशी बियाण्याचा. त्याची फुलं लहानमोठी असतात, पाकळ्या जरा विस्कटलेल्या, पण वास! पान बोटांत चुरडून बघा. माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी दरवर्षी मला बरोबर नेतात. त्या कुंडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की गेलेला माणूस घरी येतो तो वासाच्या मागावर. बिनवासाची फुलं मांडून काय उपयोग? दारापासून वेदीपर्यंत पाकळ्यांची वाट घालतात तीही त्यासाठीच. जपानमध्ये ओबोनला, म्हणजे पितरांच्या सणाला, काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय करतात. पितरांनी येताना घोड्यावरून लवकर यावं, जाताना गाईवरून रमतगमत जावं. पाहुण्याच्या प्रवासाची इतकी काळजी दोन्हीकडे आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कुंडी साधारण ३० ते ५० पेसोंना मिळते. उंच जुडीचा भाव तिच्या जाडीवर आणि तुम्ही किती वाजता पोचलात त्यावर. घासाघीस थोडीफार चालते, पण मी करत नाही. दोन जुड्या घेतल्या की विक्रेती बहुधा वर एखादी पांढऱ्या फुलांची काडी घालते. याला इथे पिलोन म्हणतात आणि ते मागायचं नसतं.

फुलांच्या गल्ल्या संपल्या की वेदीच्या बाकीच्या सामानाची दुकानं लागतात. कोपाल आधी वासानंच कळतो. हा झाडाचा डिंक, खडीसाखरेसारख्या खड्यांत विकतात. दुकानदार मातीच्या धुपाटण्यात निखाऱ्यावर एक खडा टाकून दाखवतो, तेव्हा पांढरा दाट धूर उठतो आणि त्याला लिंबाची झाक असते. पिवळट, जरा गढूळ खडे घ्या. अगदी काचेसारखा स्वच्छ खडा मला तितकासा आवडत नाही. पापेल पिकादो म्हणजे कातरकाम केलेल्या रंगीत पातळ कागदांच्या माळा. यासाठी पुएब्लातलं सान साल्वादोर उइस्कोलोत्ला हे गाव प्रसिद्ध आहे. तिथे छिन्नी-हातोडीनं एका वेळी कागदांची पूर्ण चवड कापतात. हल्ली प्लॅस्टिकच्या माळाही खूप दिसतात. बाहेर पावसात त्या टिकतात हे खरं, पण वाऱ्यावर कागद जसा सळसळतो तसं प्लॅस्टिक सळसळत नाही. कागदाच्याच घ्या.

साखरेच्या कवट्यांच्या दुकानापुढे मी सर्वांत जास्त वेळ काढते. मुठीएवढी साखरेची कवटी, डोळ्यांच्या खोबणीत चमकीचा कागद, कपाळावर रंगीत साखरेच्या पाकानं नाव. नाव तुमच्यासमोर लिहून देतात. गेलेल्यांचं लिहितात, जिवंत मित्राचंही लिहितात आणि ती कवटी त्याला प्रेमानं भेट देतात. शेजारीच राजगिऱ्याच्या कवट्या, डोळ्यांना शेंगदाणे. उपवासाचा राजगिरा असा हसताना बघून मला पहिल्यांदा आला तो आनंद अजून ओसरलेला नाही.

या बाजाराचं मोठेपण मात्र वस्तूंपेक्षा संवादांत आहे. इथे विक्रेते विचारतात, कोणाची वाट बघताय? आणि माणसं सरळ उत्तर देतात. नवऱ्याची. सासूची. १ नोव्हेंबरला लहान मुलं येतात, २ नोव्हेंबरला मोठी माणसं, असा क्रम आहे. त्यामुळे कोण येणार त्यावर खरेदी ठरते. मागच्या खेपेला माझ्यापुढे एक तरुण जोडपं होतं. त्यांनी झेंडू घेतला नाही, फक्त पांढरी फुलं, एक छोटी मेणबत्ती आणि बोटाएवढी मातीची घोडागाडी. फुलवालीनं काही न विचारता खालची पानं खुडून काड्या आखूड केल्या, लहान भांड्यात बसतील अशा. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी नवऱ्यासाठी त्याच्या ब्रँडच्या सिगारेटी आठवणीनं घेतात. मीठ आणि पाणी घरचं असतं; पाणी प्रवासानं तहान लागलेली असते म्हणून.

आपल्याकडे पितृपक्षात नवीन काही घेत नाहीत, बाजार थंड असतो. माका, पांढरी फुलं, काळे तीळ, दर्भ, एवढंच आणायचं आणि बोलायचं हळू. मी त्याच वळणात वाढले आणि त्या शांतपणाला मी मान देते. पण गेलेल्या माणसाच्या आवडीनिवडी लक्षात ठेवून, भाव करत, वास घेत, रंग निवडत त्याच्यासाठी बाजार करणं यातही तितकीच निष्ठा आहे, हे मला इथे पटलं. वडे-खीर करताना आजोबांना खीर किती गोड लागायची हे माझी आई जसं दरवेळी सांगते, तेच इथे भर बाजारात मोठ्यानं चाललेलं असतं.

हॅलोविनचा माल वेगळ्या टोकाला: प्लॅस्टिकचे भोपळे, चेटकिणीच्या टोप्या, कोळ्यांची जाळी. पुष्कळ जुन्या माणसांना तो खटकतो, उत्तरेकडून घुसलेला वाटतो. मला तसं वाटत नाही. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सुगी संपून हिवाळा लागताना साविन पाळायचे, मेलेले त्या रात्री फिरतात म्हणून सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. तेच लोक अमेरिकेत गेले तेव्हा हाताशी भोपळा आला. कॅथलिक चर्चनं १ आणि २ नोव्हेंबरला संत आणि मृतात्मे यांचे दिवस ठेवले, ते मेक्सिकोला स्पॅनिश लोकांबरोबर पोचले आणि इथल्या जुन्या चालींत मिसळले. हॅलोविनच्या गोष्टींत मेलेल्यांपासून लपायचं असतं, इथे त्यांना नाव घेऊन बोलवायचं असतं, हा फरक मोठा आहे. पण मुलांना दोन्ही कळतं. पूर्वी इथली मुलं चपलांच्या खोक्याला डोळे-तोंड कापून आत मेणबत्ती लावून कालावेरिता, म्हणजे खाऊ किंवा सुटे पैसे, मागत फिरायची, आता हातात प्लॅस्टिकचा भोपळा असतो. मागणं तेच आहे. बाजारात शेवंतीचे ढीग असतात, त्यांच्यापुढेही क्षणभर थांबा: फ्रान्स आणि पोलंडमध्ये १ नोव्हेंबरला याच शेवंतीनं कबरी भरून जातात.

त्रासाचंही सांगते. गर्दी भयंकर असते, जमीन ओली आणि पानांनी निसरडी. हातगाड्यांवर मानेच्या वर माल रचून हमाल पळत येतात आणि ‘गोल्पे! गोल्पे!’ ओरडतात. ऐकू आलं की भिंतीला लागा, ते थांबत नाहीत आणि थांबूही शकत नाहीत. बंद पायांचे बूट घाला. रोख पैसे सुटे ठेवा. एका टूर कंपनीबरोबर मी पाहुण्यांना पाठवलं होतं, ते मला मुळीच आवडलं नाही. झेंडा धरून वीस जणांची रांग अरुंद गल्लीत घातली आणि फुलं निवडणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यासमोर कॅमेरे धरायला लावले. तुम्ही तुमचे जा, काहीतरी विकत घ्या, आणि फोटोआधी विचारा. विचारलं की लोक आनंदानं हो म्हणतात.

भूक लागेलच. उआराचे, म्हणजे चपलेच्या तळव्यासारखी लांबट मक्याची जाड भाकरी, ही हामाइकाची ख्याती. निवडुंगाच्या पानांची, म्हणजे नोपालची घ्या, वर चीज आणि हिरवी साल्सा. शाकाहारी असाल तर घेवड्यात मान्तेका, म्हणजे डुकराची चरबी, आहे का ते आधी विचारा, बऱ्याचदा असते.

२९ किंवा ३० तारखेची पहाट सर्वांत चांगली. १ तारखेला दुपारनंतर भाव उतरतो, पण देशी जुड्या तोवर संपत आलेल्या असतात. इथेच राहणाऱ्यांनी सण झाल्यावर सुकलेली देशी फुलं टाकू नयेत. आतलं काळं लांबट बी कागदी पाकिटात ठेवा आणि पावसाळा लागला की पेरा. झाड छातीपर्यंत वाढतं, काठीचा आधार लावा.