मे महिन्यात ‘रिव्हर क्रॉसिंग’? मसाई मारा बुक करण्याआधी हे वाचा

मे महिन्याच्या सुट्टीत केनियातल्या मसाई मारा अभयारण्यामध्ये ‘ग्रेट मायग्रेशन’ दाखवतो, विल्डबीस्टचे (हरणांच्या जातकुळीतल्या, गायीसारख्या दिसणाऱ्या जनावरांचे) कळप नदी ओलांडताना दाखवतो, असं सांगून कोणी बुकिंगचे पैसे मागत असेल तर देऊ नका. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोन कुटुंबं केनियाला जाऊन आलो. पुण्यातल्या ज्या टूर कंपनीनं आम्हाला नेलं, तिनं पैसे घेऊन पोबारा केला नाही, विमान वेळेवर होतं, जेवणाचे हाल झाले नाहीत. फसवलं ते ऋतूच्या बाबतीत. म्हणूनच ही फसवणूक आहे हे लोकांना पटवताना अजूनही दमछाक होते. “अहो, फिरून तर आलात ना!” हे वाक्य नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचं सोडलं.

सहल विकली गेली ती एका हॉलमध्ये, चहा-बिस्किटं आणि स्लाइड शोसकट. बोलणारा तरुण तयारीचा होता. कोणीतरी विचारलंच, की मे महिना योग्य आहे का? तो म्हणाला, “काका, ताडोबाला कधी जाता? एप्रिल-मेमध्येच ना? पाणी आटतं, जनावर पाणवठ्यावर येतं. तिकडेही तेच. मे म्हणजे पीक सीझन.” अर्ध्या हॉलनं मान डोलावली, कारण अर्ध्या हॉलनं ताडोबा-पेंचच्या जिप्सीत मे महिन्याचं ऊन खाल्लेलं होतं. युक्तिवाद बिनतोड वाटतो आणि साफ खोटा आहे. मारा विषुववृत्ताला लागून, जरासं दक्षिणेला. तिथे मार्च ते मे हाच मोठा पावसाळा. मेमध्ये जिकडे बघावं तिकडे पाणी आणि गुडघाभर गवत, त्यामुळे जनावर पांगलेलं असतं. ताडोबाचा हिशेब तिथे उलटा लागतो.

मायग्रेशनचं वेळापत्रक तसं काही गुपित नाही. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे-गॅझेल वर्षभर टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मारा यांच्यामध्ये गोल फिरत असतात. साधारण डिसेंबर ते मार्च ते दक्षिण सेरेंगेटीत, नदुतूच्या बाजूला. ज्वालामुखीच्या राखेवर वाढलेलं तिथलं आखूड गवत खनिजांनी भरलेलं असतं, म्हणून फेब्रुवारीच्या आसपास माद्या तिथेच वितात. एप्रिल-मेच्या पावसात कळप मध्य आणि पश्चिम सेरेंगेटीकडे सरकतात, जूनच्या सुमारास ग्रुमेती नदीकडे पोचतात. मारा नदीवर ते येतात जुलै-ऑगस्टमध्ये. ऑक्टोबरपर्यंत इकडून तिकडे, तिकडून इकडे ओलांडणं चालू असतं, आणि नोव्हेंबरचा छोटा पाऊस सुरू झाला की पुन्हा दक्षिणेला. म्हणजे आम्ही मारामध्ये दुर्बिणी लावून बसलो होतो तेव्हा कळप दुसऱ्या देशात होते.

आता हे त्या कंपनीला ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणेल. त्यांच्या रंगीत पत्रकात या प्रवासाचा तोच नेहमीचा गोल नकाशा होता. अशा नकाशात प्रत्येक बाणाशेजारी महिना लिहिलेला असतो. आमच्या पत्रकात त्या जागी नुसते पांढुरके चट्टे. महिने कॉम्प्युटरवर खोडले होते आणि खोडल्याची खूणही छापून आली होती. ज्याला ठाऊक नसतं तो खोडत नाही.

तोच प्रकार व्हिडिओचा. ‘गेल्या मेमधला आमचा ग्रुप’ म्हणून क्रॉसिंगचा एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला होता. परत आल्यावर तो थांबवून थांबवून बघितला. काठावर गवताचे पिवळट, कुरतडलेले बुंधे आणि कळपामागे धुळीचा लोट. मेमध्ये माराला धूळ उडत नाही, चिखल उडतो. तुम्हाला असा व्हिडिओ आला तर जनावरांकडे नंतर बघा, आधी जमिनीकडे बघा.

या धंद्याचं गणित आपल्या शाळांच्या सुट्ट्यांवर बसवलेलं आहे. आपली मोठी सुट्टी मेमध्ये, दुसरी दिवाळीत. क्रॉसिंगचा खरा हंगाम येतो आपल्या पावसाळ्यात, शाळा चालू असताना, त्यातही ऐन भरात गौरी-गणपती. मुलंबाळं असलेलं मराठी कुटुंब तेव्हा सहसा बाहेर पडत नाही. मग जे कुटुंबाला हवंय ते सुट्टीच्या महिन्यात आणून दाखवायचं, निदान कागदावर. दिवाळीच्या सहलीतही हीच खोच आहे. दिवाळी ऑक्टोबरात आली तर थोडीफार आशा असते. नोव्हेंबरात आली (२०२६ ची तशीच आहे) तर बहुतेक कळप परतीला लागलेले असतात, आणि प्रवेश शुल्क मात्र हंगामाचंच भरावं लागतं.

या शुल्कापाशीच आमच्या डोळ्यांवरची झापड उडाली. जानेवारी २०२४ पासून मसाई मारात परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडतात. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. सेकेनानी गेटवर पाऊस पडत होता. ड्रायव्हर-गाइड पैसे भरून आला आणि पावत्या भिजू नयेत म्हणून माझ्या हातात देऊन आरसे पुसायला लागला. पावतीवर १००. माझ्या मोबाइलमध्ये कंपनीनं पाठवलेला खर्चाचा तपशील होता, त्यात ‘पार्क फी २०० डॉलर प्रतिदिन’. म्हणजे माणशी, दर दिवसाला, सरळ १०० डॉलर त्यांच्या खिशात. सोबत आलेल्या टूर मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, “काका, ते ॲव्हरेज असतं वर्षाचं.” वर्षाची सरासरीसुद्धा दीडशे येते, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

क्रॉसिंगचा विषय पहिल्याच फेरीत निघाला. वहिनींनी गाइडला विचारलं, नदीवर कधी जायचं? आम्ही गंमत करतोय असं समजून तो आधी मनापासून हसला. मग आमचे चेहरे बघून त्यानं गाडी थांबवली, आणि कळप जुलैत येतील, आत्ता सेरेंगेटीत आहेत, असं शांतपणे समजावून सांगितलं. थोडं पुढे पंचवीस-तीस विल्डबीस्ट चरत होते. काही विल्डबीस्ट त्या भागात बारमाही राहतात. टूर मॅनेजर मागून ओरडला, “काकू, हे बघा मायग्रेशन!” काकूंनी बघितलं नाही.

गाडीचीही तीच गत. बोली होती फोर-बाय-फोर लँड क्रूझरची, आली छत वर उचलणारी मिनीबस. कोरड्या हंगामात ती चालून जाते. पण तिथली काळी माती म्हणजे आपल्या विदर्भातल्या मातीची सख्खी बहीण. एका ओढ्यापाशी चाकं रुतली ती रुतलीच. ‘रिझर्व्हच्या आत’ म्हणून दिलेला कॅम्प गेटच्या बाहेर होता. तो अर्धा रिकामा होता याचं आम्हाला नवल वाटलं, तिथल्या लोकांना नाही. एप्रिल-मेमध्ये त्या भागातले काही कॅम्प बंदच असतात. आमच्या आदल्याच वर्षी, मे २०२४ च्या सुरुवातीला, तालेक नदीला पूर येऊन कॅम्पांत अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं होतं. त्या स्लाइड शोमध्ये त्याचा अवाक्षरही उल्लेख नव्हता.

मे वाईट असतो असं मात्र कोणी समजू नये. गर्दी जवळपास नसते. एका सिंहिणीपाशी आमची एकच गाडी होती, हंगामात तिथे गाड्यांचं कडं पडतं. सगळं हिरवंगार, आकाश बघत राहावं असं, पक्षी भरपूर. ज्याला मेमध्येच जमतंय त्यानं जरूर जावं. पण मग दर मेचा द्यावा. कॅम्पांच्या दरपत्रकात हंगामाप्रमाणे दोन-तीन पायऱ्या असतात आणि एप्रिल-मे सहसा सगळ्यात खालच्या पायरीवर. कंपनीनं आमच्यासाठी ती खालची पायरी विकत घेतली आणि आम्हाला वरची विकली. खरी कमाई इथे आहे, क्रॉसिंग हे नुसतं आमिष.

परत आल्यावर तक्रार केली तर उत्तर आलं, की वन्यप्राणी निसर्गाच्या अधीन असतात, त्यांच्या दर्शनाची हमी देता येत नाही, अटी क्रमांक अमुक वाचा. या उत्तरासमोर बरेच लोक गप्प बसतात, कारण ते ऐकायला रास्त वाटतं. पण कळप मंगळवारी ओलांडेल की शुक्रवारी, याची हमी कोणी मागितली नव्हती. ऑगस्टमध्ये जाऊन क्रॉसिंग हुकलं असतं तर आम्ही नशिबाला बोल लावला असता. निसर्गाची लहर आणि खोडलेले महिने, या दोन गोष्टींची सरमिसळ करू द्यायची नाही.

पैसे देण्याआधी कॅम्पचं नाव लेखी मागा. ‘अमुक किंवा तत्सम’ यातलं ‘तत्सम’ खोडून घ्या. मग त्या कॅम्पला स्वतः ई-मेल करा आणि तुमच्या तारखांचा दर विचारा. सोबत एक साधा प्रश्न जोडा, की या तारखांना मायग्रेशनचे कळप साधारण कुठे असतात? पार्क फी प्रत्यक्ष पावतीप्रमाणे, असं कोटेशनमध्ये लिहून घ्या. गाडीचा प्रकार लिहून घ्या. केनियातली जी कंपनी तुम्हाला प्रत्यक्ष फिरवणार आहे तिचं नाव विचारा. तिथल्या टूरिझम रेग्युलेटरी ऑथोरिटीचा परवाना तिच्याकडे हवा, आणि ती ‘काटो’ या टूर चालकांच्या संघटनेची सभासद आहे का, तेही तपासता येतं. नाव सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्या हॉलमधला चहा पिऊन घरी या. आणि यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र नसेल तर परतताना विमानतळावर अडकाल.

आणखी एक. परदेशी सहलीच्या बिलात टीसीएस (कंपनीनं ग्राहकाकडून घेऊन सरकारजमा करायचा कर) लावतात, आमच्या वेळी पाच टक्के होता. तो तुमच्या पॅनवर जमा होऊन आयकर खात्याच्या नोंदीत (आमच्या वेळी फॉर्म २६एएस) दिसायला हवा. आमचा दिसत नव्हता. हे ध्यानात आलं ते रिटर्न भरताना सीएनं विचारलं म्हणून. लेखी विचारणा करून कर खात्याकडे जाण्याचा इशारा दिल्यावर तो काही आठवड्यांत जमा झाला.

बाकीच्या पैशांसाठी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. कंपनीनं पुढच्या सहलीवर सवलतीचं कूपन देऊ केलं, ते घेतलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिथे दाखल केलेल्या कागदांत सगळ्यात वजनदार ठरतील असे वकिलांच्या मते तीन आहेत: गेटवरच्या पावत्या, कॅम्पनं मागाहून पाठवलेलं मे महिन्याचं दरपत्रक आणि तो चट्ट्यांचा नकाशा. पुढची तारीख पडली आहे. आमच्याबरोबर त्या हॉलमध्ये बसलेल्या बऱ्याच जणांनी ते पत्रक कधीच रद्दीत घातलं. ज्यांनी जपून ठेवलं असेल त्यांनी आता फेकू नये, आणि व्हॉट्सॲपवरचं त्यांचं बोलणं बॅकअपसकट राखून ठेवावं.